एकवीस दिवसांची प्लेट

१६ सप्टेंबर २००८, मंगळवार

डोळ्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये तिसरी तुकडी आजपासून. सहाजण. चार मुली, दोन मुलगे, सगळे एमेस्सी. स्टेम सेल म्हणजे काय हे त्यांनीच मला शिकवावं, इतकं येतं त्यांना. मी शिकवणार हात कुठे ठेवायचा, श्वास कुठे सोडायचा आणि यंत्र कुरकुरतंय हे कसं ओळखायचं. आठवड्यातून तीन सकाळी. बाकी वेळ अंबत्तूरचं वर्कशॉप आहेच.

कॉरिडॉरमध्ये डॉ. प्रभाकरन कुणाला तरी तमिळमध्ये सांगत होते, आता फ्रिजवाला सायंटिस्ट घडवणार. प्रयोगशाळेच्या प्रमुख कल्याणी मॅडम, त्यांच्या हाताखालचे हे, परदेशातून शिकून आलेले. मला ऐकू जाणार नाही असं वाटलं असावं. गेलं. शिवाय चूक काय त्यात? चौऱ्याहत्तर साली मिरजेहून इकडे तमिळ मुलखात आलो तो फ्रिजवालाच. त्याच्याही आधी फ्रिजवाल्याची पिशवी उचलणारा.

पहिला धडा नेहमीचा. हूड म्हणजे मागच्या जाळीतून गाळलेली हवा तुमच्या अंगावर सोडणारं टेबल. त्या हवेच्या वाटेत काही आलं की थेट प्लेटमध्ये. आता डोळे मिटा आणि नुसता पंखा ऐका. पाचजण हसले. एकीनं मिटलेले डोळे मी ‘उघडा’ म्हटल्यावरही उघडले नाहीत. नाव विचारायचं राहिलं.

१८ सप्टें., गुरु.

हेमा राव. मैलापूरची. बायकोला, नि.ला, फोनवर ‘जेवून घे, मला उशीर होईल’ म्हणालो ते हिनं ऐकलं, आणि मागून आवाज: “मामा, तुम्ही मराठे कां?”

तंजावरकडची माणसं. दोनअडीचशे वर्षं झाली असतील महाराष्ट्र सोडून. ही स्वतः तिरुपतीच्या पलीकडे गेलेली नाही. मराठी मात्र अशी, की आजोबांची जुनी पत्रं कुणी मोठ्यानं वाचतंय. ‘मज ठाऊक नाही’, ‘तुम्हांस वेळ आहे कां?’ आणि मध्येच अख्खं वाक्य तमिळ. सूर तर सगळाच तमिळ. मला हसू आलं, तर म्हणाली, तुमचं मराठी आम्हांस टीव्हीवरच्या बातम्यांसारखं लागतं.

दुपारपर्यंत सगळी तुकडी मला मामा म्हणायला लागली. तमिळमध्येही मामाच म्हणतात, पोरांना ते सोयीचंच.

२२ सप्टें., सोम.

आज सहाजणांच्या परीक्षेच्या प्लेटा, म्हणजे पेशी वाढवायच्या बशा, सुरू. मॅडमचा नियम सगळ्यांना पाठ आहे: एकवीस दिवस पेशी जिवंत आणि स्वच्छ ठेवायच्या, अँटिबायोटिक एक थेंब नाही, दुसऱ्या कुणाचा हात नाही. दर दोन दिवसांनी मीडियम बदलायचं, म्हणजे पेशींचं अन्न. एकवीस दिवस काढले तर पेशंटच्या खोलीत, म्हणजे खऱ्या पेशंटच्या पेशी वाढवतात तिथं, प्रवेश. नाही काढले तर पुन्हा पहिल्यापासून.

एका मुलानं विचारलं, इतकं कडक कशाला? मॅडम त्याला वॉर्डात घेऊन गेल्या. चुन्याची भट्टी फुटून एक डोळा गेलेला माणूस. चांगल्या डोळ्याच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा घेऊन त्यातून पेशी वाढवायच्या आणि भाजलेल्या डोळ्यावर लावायच्या. तुकडा पुन्हा पुन्हा मागता येत नाही. मुलगा परत आला आणि हात धुऊन कामाला लागला.

पाचजण नव्या हूडपुढे रांग लावतात. हेमा एकटी जुन्या दोन नंबरवर बसते. विचारलं तर म्हणे, याचा आवाज स्थिर आहे. खरं आहे. तो मीच तीनदा उघडून बांधलाय.

१ ऑक्टो., बुध.

हेमाचे हात पाहिले आज नीट. पिपेट धरल्यावर करंगळी हलत नाही. असे हात शिकवून होत नाहीत, म्हणजे होतात, पण दहा वर्षांनी.

डबा खाताना कळलं: तिच्याकडे सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आहे. कॉलेजातूनच मिळालेलं. ३ नोव्हेंबरला रुजू व्हायचं, ओएमआरवर, कंपन्यांच्या त्या रस्त्यावर. वडील केशवराव, बँकेतून निवृत्त, त्यांनी ते पत्र लॅमिनेट करून घेतलंय. आता अमेरिकेत बँका बुडताहेत, कंपन्या दिलेली पत्रं परत घेताहेत, असं रोज पेपरात. ते म्हणतात, तारीख चुकवलीस तर पत्र गेलं.

“आणि तुला काय हवंय?”

“पेशंटच्या खोलीची सही मिळाली तर अप्पाशी बोलायास तोंड राहील. नाही तर काय म्हणून बोलूं?”

हिशेब सोपा. १३ ऑक्टोबरला एकवीस दिवस पुरे. सही हातात घेऊन घरी बोलायला तीन आठवडे उरतात.

८ ऑक्टो., बुध. आयुधपूजा

वर्कशॉप धुऊन काढलं. लेथ, गॅसची शेगडी, व्हॅक्यूम पंप, सगळ्यांना चंदन-कुंकू, झेंडूच्या माळा. दारात कोहळा फोडला. चुरमुरे, गूळ, फुटाणे. सगळी यंत्रं बंद, आज त्यांची सुट्टी. इथं येऊन मी हे शिकलो आणि आता याशिवाय वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

दुपारी मुनुसामी आपल्या देखभालीतल्या यंत्रांची पूजा करायला गेला, दरवर्षीप्रमाणे. दोन दवाखाने, एक रक्तपेढी, इन्स्टिट्यूट. बावीस वर्षं माझ्याकडे आहे. त्याला वाटतं, त्याच्या हातचं गंध लागलं नाही तर मोटार रुसते.

नि. म्हणाली, तुझ्या कपाळाला लाव आधी, तूच सगळ्यात जास्त आवाज करतोस.

१० ऑक्टो., शुक्र.

सुट्टीमुळे सगळ्यांना मंगळवारी संध्याकाळी आणि मग आज सकाळी मीडियम बदलायची मुभा होती. हेमा तरीही काल, विजयादशमीला सकाळी, येऊन गेली. अठ्ठेचाळीस तासांच्या जवळ राहायचं म्हणे. आणि दिवस चांगला, विद्या सुरू करायचा. रेशमी दावणी, इकडची अर्धी साडी, केसात मोगरा. वॉचमननं सांगितलं की फुलं काढून तिनं डब्यात घालून त्याच्याकडे ठेवली, मग आत गेली.

आज मला म्हणाली, “मामा, दोन नंबर काल वेगळा बोलत होता. टिक टिक म्हणून.”

मी म्हटलं, ट्यूबलाइटचा चोक असेल, पुढच्या आठवड्यात बघतो. रक्तपेढीचा फ्रिज बसला होता, मी घाईत.

१२ ऑक्टो., रवि.

हेमाचा फोन, दु. ३. रडत नव्हती. नुसतं म्हणाली, प्लेटमध्ये पांढरं दिसतंय.

गेलो. बुरशी. सूक्ष्मदर्शकातून बघायचीही गरज नाही, कापसाचं बोंड फुटावं तशी. पेशी खाली अजून जिवंत, चकाकणाऱ्या, आणि त्यांच्यावर हे. एक दिवस राहिला होता.

१३ ऑक्टो., सोम.

पाचजणांच्या प्लेटा पास. हेमाची गेली. नव्या हूडवरचे सगळे स्वच्छ, जुन्यावरची एकटीच नाही, म्हणजे दोष बसणाऱ्याचा.

डॉ. प्र. सगळ्यांसमोर म्हणाले, पू, पू, म्हणजे तमिळमध्ये फुलं. मैलापूरच्या देवळातून थेट कल्चर रूममध्ये आल्यावर काय होणार. हेमानं सांगितलं की फुलं बाहेर ठेवली होती. ते म्हणाले, फुलं बाहेर, परागकण केसांत. माझ्याही मनात आलं, असेल बुवा, पोरगीच आहे.

तिनं प्लेट ब्लीचमध्ये बुडवली, गाऊन घडी घालून ठेवला. घडी व्यवस्थित.

१४ ऑक्टो., मंगळ.

आज जे झालं ते लिहायचं टाळणार होतो. लिहितो.

डॉ. प्र. म्हणाले, दोन नंबर धुऊन निर्जंतुक करा. एकटाच होतो खोलीत. चालू केला आणि ऐकलं. टिक. टिक. टिक. चोक नाही. चोकचा आवाज वरून येतो, हा समोरून. टॉर्च घेऊन वाकलो. जाळीला केळीच्या सोपाचा धागा अडकलेला, माळ गुंफतात तसला, हवेनं पट्टीवर आपटत होता. आणि त्याच्या वर, ट्यूबच्या मागे, जाळीच्या वरच्या पट्टीवर, बसणाऱ्याला दिसणारच नाही अशा जागी, चंदनाचा ठसठशीत टिळा. मधोमध कुंकू. वाळून तडकलेला. अर्धा उडून गेला होता.

कुठे उडाला, हे मी पहिल्याच दिवशी पोरांना शिकवलं होतं.

मुनुसामीला फोन केला. तो निरागसपणे म्हणाला, मुदलाळी, म्हणजे मालक, तुम्हीच तर सांगितलं होतं.

सांगितलं होतं. गेल्या वर्षी हूडच्या काचेवर कुंकू बघून मॅडम चिडल्या होत्या. बाहेर येऊन मी मुनुसामीला म्हणालो होतो, लाव रे, पण मॅडमची नजर जाणार नाही तिथं लाव. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी गेलो होतो. गेल्या वर्षी काच पुसून मग त्यानं खाली पायाला लावलं असेल, म्हणून निभावलं. या वर्षी त्याला वाटलं, कपाळ वर असतं. नवा हूड आमच्या देखभालीत नाही, तो सुटला. पूजेसाठी पंखाही रात्रभर बंद ठेवला, आणि सकाळी यंत्र जागं केल्यावर पहिली बसली ती हेमा.

टिळा पुसला. धागा खिशात घातला. खोलीत मला कुणी पाहिलं नाही. डॉ. प्र. बाहेर भेटले, झालं का? मी म्हटलं, झालं.

वार्षिक देखभालीचं काम पुढच्या महिन्यात नव्यानं ठरायचंय. ते काम, आणि ही शिकवणी. शिकवणी जाईल याचं जास्त वाटलं, हे लिहून ठेवतो.

१५ ऑक्टो., बुध.

नि.ला सकाळी चहाबरोबर सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. “मिरजेहून आलास तेव्हा दुसऱ्याची चूक तुझ्यावर घातली होती त्या पहिल्या मालकानं. ते तू मला दहादा तरी सांगितलंयस.” एवढंच. मग म्हणाली, इडली गार होतेय.

नऊला मॅडमच्या खोलीबाहेर. दार अर्धवट उघडं. आत डॉ. प्र. सांगत होते की या मुलीला जाऊ द्या सॉफ्टवेअरकडे, तिचंही भलं, आपलंही. मॅडमनी पेनाला टोपण लावलं, म्हणजे त्यांचं ठरत आलं होतं. मी दार न वाजवता शिरलो. धागा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, गेल्या वर्षीच्या वाक्यासकट.

डॉ. प्रं.नी धागा उचलून उजेडात धरला. मग मला म्हणाले, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. टोमणा नव्हता त्यात. मग स्वतः उठून हेमाला शोधायला गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, दार लावून घेतलं त्यांनी.

मॅडमना म्हणालो, तिची प्लेट पास धरा, विसाव्या दिवसापर्यंत निर्दोष होती.

“जाधव, तुमची कबुली मी ऐकली. पेशींनी नाही ऐकलेली. एकवीस म्हणजे एकवीस.”

मी बोटांवर मोजलं. आज सुरू केलं तर ५ नोव्हेंबर. तिची तारीख तीन.

“आणि शुक्रवारी तुकडीला हे तुम्ही स्वतः शिकवायचं. धाग्यासकट. पूजा करा, मला हरकत नाही. खोलीच्या बाहेर, आणि मला दिसेल अशी.”

काम राहिलं की गेलं, विचारायचा धीर झाला नाही.

हेमा जेवणाच्या खोलीत होती. तिला सांगितलं, तुझ्या फुलांचं काही नव्हतं, माझं होतं. आणि टिक टिक तू ऐकलीस, मी ऐकली नाही. रागावेल वाटलं. तिनं फक्त विचारलं, दोन नंबर आता नीट आहे कां? मग उठली. दुपारी तिची नवी प्लेट सुरू झाली, जुन्याच हूडवर.

१७ ऑक्टो., शुक्र.

धडा दिला. बोर्डावर हूड काढला, हवेचे बाण काढले, टिळा कुठे ते लाल खडूनं दाखवलं. आता हसायला लागतील म्हणून तयारी ठेवली होती. हसले नाहीत. वही उघडून लिहून घेतलं. लाजेपेक्षा ते जास्त जड गेलं.

शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, मामा, मी इन्क्युबेटरच्या मागे पिळ्ळैयारचा, गणपतीचा, छोटा फोटो चिकटवलाय, परीक्षेसाठी. मग दुसऱ्यानं कबूल केलं की मीडियमच्या फ्रिजमध्ये तो दह्याचा डबा ठेवतो. पंधरा मिनिटांत सहाजणांनी मिळून अकरा गोष्टी सांगितल्या. दोन वर्षांत मला एकही सापडली नव्हती. डॉ. प्र. मागे उभे राहून ऐकत होते. बारावी त्यांनी सांगितली: घाईत असले की ते मोबाइल हूडमध्ये ठेवतात.

दुपारी गणपतीला फ्रेममध्ये घालून हातपाय धुवायच्या जागेवर, बाहेर, लावला.

२५ ऑक्टो., शनि.

केशवराव वर्कशॉपवर. पांढरी पँट, कपाळावर नामाची बारीक रेघ, छत्री. खुर्ची पुसून दिली तरी उभेच.

त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं. “जाधवराव, तुमची चूक तुम्ही सांगितली, थोर केलें. पण माझी लेक दोन दिवसांकरितां पत्र घालवील, आणि पुढील वर्षीं तुमच्या मॅडमकडे जागा नसली तर? कंपनीची बस दारांत येते. तुमच्या पेशींची बस कोठें येते?”

खरं तेच सांगितलं. इथं कायमची जागा एकच आहे, ती सही झालेल्यांतून भरायची, हिला मिळेलच असं मी कसं म्हणू. बिचारे खोटं ऐकायला आले असते तर सोपं गेलं असतं.

म्हटलं, एकदा येऊन बघा तरी. आले. काचेबाहेरून बघत राहिले, अर्धा तास. आत हेमाला कळलं नाही. ती मीडियम काढते, नवं घालते, प्लेटवर झाकण ठेवते, हात मागे घेते. एकदाही घाई नाही. मग प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बाहेरच्या पडद्यावर पेशी दिसल्या, फरशी बसवल्यासारख्या एकीला एक लागून.

केशवरावांनी चष्मा काढून पुसला. “घरीं दूध ऊतूं घालते ही,” म्हणाले. मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडलं.

२७ ऑक्टो., सोम. दीपावली

स. ७ ला अभ्यंग करून, लेहियम, इकडचा दिवाळीचा औषधी अवलेह, खाऊन इन्स्टिट्यूटला. हेमा आधीच आत. बारावा दिवस, स्वच्छ. बाहेर फटाक्यांचा धूर, म्हणून डॉ. प्रं.नी दाराच्या फटीला ओला कपडा लावला होता, स्वतः. सुट्टी असून आले होते.

तिच्या आईनं मला मुरुक्कूचा, इकडच्या चकलीचा, डबा पाठवलाय. वडिलांचं काय म्हणणं, विचारलं. म्हणाली, अप्पा कांही बोलत नाहीत, पण पत्र कपाटांतून काढून टेबलावर ठेवलें आहे.

३१ ऑक्टो., शुक्र.

तिनं कंपनीला दोन दिवस मागितले होते. उत्तर आलं: ठरल्या तारखेला या, नाही तर पत्र रद्द समजा. कुणाच्या तरी सहीचं छापील उत्तर.

सोळावा दिवस. स्वच्छ.

मॅडमकडे मी पुन्हा गेलो नाही. गेलो असतो तर हेमाच मला रागावली असती.

३ नोव्हें., सोम.

तीन तारीख. काल रविवारी मीडियम बदलून गेली. आज आलीच नाही. रुजू झाली. डबा खाताना पोरं हळू आवाजात बोलत होती. अठरा-एकोणीस दिवस सांभाळायचं आणि असं. मी म्हटलं, तिचा निर्णय आहे, गप्प जेवा. आणि मीच डबा अर्धा टाकून उठलो.

४ नोव्हें., मंगळ.

स. ६ ला वॉचमनचा फोन. सार, ती मुलगी आलीये, आत सोडू का?

मी पोचलो तेव्हा पावणेसात. मीडियम बदलून झालं होतं. नवा कोरा चुडीदार, वर गाऊन, गाऊनखाली गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तिची बस मंदवेळीहून ७.१० ला. केशवराव स्कूटर चालू ठेवून फाटकाबाहेर, हेल्मेट घालून. मला बघून हात वर केला. पहाटे साडेचारला त्यांनीच उठवलं म्हणे तिला.

नियम पुन्हा वाचला मी. दुसऱ्या कुणाचा हात नको, एवढंच लिहिलंय. नोकरी कुठे नको असं कुठेच लिहिलेलं नाही.

५ नोव्हें., बुध.

एकवीस.

सहालाच सगळे हजर. मॅडम, डॉ. प्र., पाचही पोरं झोपाळलेली, केशवराव या वेळी आत, चपला हातात घेऊन, कुठे ठेवाव्यात कळत नव्हतं. डॉ. प्रं.नी दहा मिनिटं प्लेट तपासली. मग खुर्ची मॅडमना दिली. मॅडमनी पाच मिनिटं. स्वच्छ. जिवंत. रजिस्टरवर सही.

मॅडम म्हणाल्या, चुन्याच्या भट्टीवरच्या माणसाचा तुकडा उद्या सकाळी नऊला घेतोय. पेशंटच्या खोलीत एक हात कमी आहे. जागेचं आज काही सांगू शकत नाही.

हेमानं वडिलांकडे पाहिलं. केशवराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. “तुझी बस,” म्हणाले. मग थोड्या वेळानं, “तुझी बस आहे, चुकवायची कीं नाही तें तूंच पाहा.”

तिनं गाऊन काढला. साडेसहा झाले होते.

पास झालेली प्लेट त्याच दिवशी ब्लीचमध्ये टाकायची असते. मी बाटली काढली होती. दारापर्यंत गेलेली हेमा परत आली, माझ्या हातातली बाटली घेऊन फळीवर ठेवली.

“मामा, आज टाकूं नका.”

प्लेट इन्क्युबेटरमध्ये आहे, वरच्या कप्प्यात, तिच्या नावाची. उद्या गुरुवार. उद्या मीडियम बदलायचा दिवस, आणि नऊला तो तुकडा.